कंदिलाची जाळी आणि दहा नंबरचा पाना

आमच्या कारखान्यात एक कंदील वर्षभर स्लॅबवरून खाली टाकला जात होता, आणि त्या वर्षभरात तो एकदाही पेटवला गेला नाही. हे लिहायला आज मला काही वाटत नाही. त्या वेळी मात्र हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि त्यात काही विपरीत आहे असं मलासुद्धा वाटलं नव्हतं.

कारखाना हा शब्द आमच्या ह्यांचा. प्रत्यक्षात तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पत्र्याचा एक गाळा होता. तार तोडायची, वाकवायची, जोडायची, एवढंच काम. सायकलचे कॅरिअर आणि भांड्यांचे रॅक हा आमचा माल. हे तार वाकवायचे, एक कामगार वेल्डिंग करायचा, आणि मी दुपारी राजारामपुरीतून डबा घेऊन जायची ती संध्याकाळपर्यंत तयार माल रंगात बुडवून वाळत घालायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोकांनी सायकली सोडून गाड्या घेतल्या. गाडीला आमचं कॅरिअर बसत नाही. राहिला रॅक, पण घरात एक रॅक आला की तो नातवापर्यंत पुरतो. आमचा माल टिकाऊ होता, हीच आमची अडचण होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या थोरल्या दिरांनी कागलच्या नव्या एमआयडीसीत धाकट्या भावासाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी, नोकरी बघून ठेवली. ते स्वतः तिथं एका कंपनीत सुपरवायझर होते. निळा गणवेश, कार्ड, पाळी, कँटीन. "दसऱ्यापतोर सांग. त्याच्या फुडं माझ्या हातात न्हाय," असं त्यांनी बजावलं होतं. ह्यांना ती नोकरी नको होती. आयुष्यात त्यांनी कुणाला साहेब म्हटलं नव्हतं, आणि चाळिशीत ती सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती. पण नुसतं नको म्हणून भागत नाही. त्याच्याऐवजी काय, तेही सांगावं लागतं. ह्यांच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, कंदिलाची जाळी.

ते काम आदल्या दिवाळीला जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यांनी आणलं होतं. दोरखंड, स्टोव्ह, पंपाचे वायसर, कंदील, सगळं त्यांच्या दुकानात मिळायचं. जैन घर. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलेलं. म्हणजे कंदील विकून संसार केलेल्या ह्या गृहस्थांनी दिव्याच्या उजेडात कधी घास खाल्ला नव्हता. पण गिऱ्हाइकाची नाडी त्यांना ठाऊक होती.

"मालक, कंदील ऱ्हातोय, काच ऱ्हाईना," ते म्हणाले. "पंपाला लाईट कवा येईल त्याचा नेम न्हाय. माणूस कंदील घेऊन पाणी पाजाय जातोय, सायकलच्या हँडलला अडकवतोय. पडला की काच गेली. कुठल्या बी कंदिलाला बशील अशी जाळी करून द्या. फुडच्या दसऱ्याला मी नव्या मालाची ऑर्डर काढणार. जमलं तर पयल्या झटक्यात पाचशे."

कंदिलाला मुळात दोन बारीक तारांची फुली असते. ती काच धरून ठेवते, वाचवत नाही. ती वाचेल असा पिंजरा करायचा होता.

कोल्हापुरात वस्तू चांगली आहे का, असं कुणी विचारत नाही. मोडती का, असं विचारतात. त्यामुळे जाळी कशी तपासायची ह्यावर आमच्याकडे चर्चाच झाली नाही. आमचा पत्रा, म्हणून शेजारच्या लेथवाल्यांच्या स्लॅबवर चढायचं आणि कंदील खाली सोडायचा. ह्यांनी पहिली जाळी सळईची केली, बोटाएवढ्या जाड. ती टाकायच्या दिवशी अख्खी गल्ली जमली.

"वैनी, बाजूला व्हा," लेथवाले ओरडले. "आता एक तर कंदील मरंल न्हायतर फरशी."

कंदील पडला. रॉकेलची टाकी चेपली, वरचा पत्रा वाकडा झाला, काच शाबूत. टाळ्या पडल्या, चहा सांगितला गेला. कंदील मात्र उभा राहीना, कारण जाळीचं वजन त्याच्यापेक्षा जास्त होतं. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

ती जाळी जयसिंगपूरला पाठवली आणि आठवड्याने परत आली, व्यापारी स्वतः घेऊन आले. "जाळी एक नंबर हाय," ते म्हणाले. "खरं, ही कंदिलाची न्हाय, कैद्याची वाटती. पेटवल्यावर भिंतीवर नुसत्या सळयाच दिसाय लागल्या. आमच्या नातीनं भोकाड पसरलं."

ह्यांनी मान हलवली आणि बारीक तारेच्या मागे लागले. सहा महिने गेले. किती तारा, किती अंतर, कुठं वेल्डिंग. प्रत्येक नमुना स्लॅबवरून खाली. ह्या काळात आम्ही इतक्या काचा आणल्या, की काचवाल्याला वाटलं आम्ही कंदिलाचं दुकान काढलंय. राजारामपुरीत आमच्याकडेही दिवे जायचे. घरातल्या कंदिलाला मात्र जाळी नव्हती. जाळ्या झाल्या तेवढ्या सगळ्या टाकायला लागत.

शेवटी बारा बारीक तारांची जाळी जमली. वर कडं, खाली कडं, दोन्ही कडी कंदिलाच्या बाजूच्या नळ्यांना पक्की जोडलेली. स्लॅबवरून पाच वेळा पडली, काचेला ओरखडा नाही. वजन हलकं, सावली नावापुरती. व्यापाऱ्यांनी वीस जाळ्या गिऱ्हाइकांना वापरायला दिल्या. महिन्याभरात त्यातल्या निम्म्याअधिक दुकानात परत आल्या. मोडलेल्या नव्हत्या. पकडीनं कापून काढलेल्या होत्या.

ह्यांचं म्हणणं एकच, "लोकांस्नी अक्कल न्हाय." दसरा तीन आठवड्यांवर आला होता.

हे रागात होते, म्हणून जयसिंगपूरला मी गेले. एसटीतून उतरून दुकानात पोचेपर्यंत पाच वाजत आले होते. व्यापारी गिऱ्हाइकात गुंतलेले. त्यांनी मला मागं घरात पाठवलं. त्यांची बायको सोप्यात, ओसरीवर बसून चार कंदिलांच्या काचा पुसत होती.

"या अक्का, बसा. जेवूनच जावा, आमचं आता होईलच."

मी पाणी घेतलं आणि सरळ विचारलं, की जाळ्या कुणी कापल्या आणि का. तिनं कोपऱ्यातला एक कंदील पुढं ओढला. त्याला आमची जाळी होती आणि आतली काच काजळीनं काळी झाली होती. तिनं माझ्या हातात फडकं दिलं.

"पुसा बगू काच."

मी तारांतून दोन बोटं घातली. बोटं काचेला बाहेरून लागली. काजळी आतून. वरून हात जाईना. काच तिरकी करून काढावी, तर जाळी ती हलू देईना. मी कंदील उलटा करून बघितला, आडवा करून बघितला. ती शांतपणे दुसरी काच पुसत होती.

"निघती का?"

"न्हाय."

"चार दिसांत काळी हुती. मग बायकांनी काय करायचं? पकड घ्यायची."

"म्हणजे बायकांनी कापल्या?"

"मग काय बाप्यांनी? बाप्यांस्नी काच काळी झालेली दिसती आणि पुसलेली दिसती. मधलं दिसत न्हाय."

मला राग आला तो माझाच. लग्नाआधी कर्नाटकच्या सीमेजवळच्या आमच्या गावात रोज संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझ्याकडेच होतं. राख, जुन्या लुगड्याची चिंधी, काच फुटली तर बोलणी. हे सगळं मला येत होतं. पण कारखान्यात कंदील मी फक्त पडताना पाहिला होता, आणि पडणाऱ्या कंदिलाची काच कुणी पुसत नाही. जेवण मात्र मी तिथंच केलं, उजेडात. भाजी चांगली होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उघडणारी जाळी म्हंजे ढिली जाळी."

"आणि न उघडणारी म्हंजे कापलेली जाळी."

"कापतील त्यांच्या काचा फुटतील."

"फुटू देत. पाचशेची ऑर्डर पण त्यांच्यासंगं फुटंल. मग निळा गणवेश घाला."

हे वाक्य मी वापरायला नको होतं, पण काम वाक्यानंच झालं. चार दिवसांनी त्यांनी नवी जाळी माझ्यासमोर ठेवली. दोन अर्ध्या जाळ्या, एकमेकींना दोन्ही बाजूंनी नटबोल्टानं जोडलेल्या. चार बोल्ट, चार नट.

"काढा आता खुशाल काच."

"कशानं?"

"पान्यानं. दहा नंबर."

"रोज संध्याकाळी?"

"दिवसातनं एकदाच की! मी दिवसातनं शंभरदा फिरवतोय."

त्यांचं पुढचंही ठरलं होतं. प्रत्येक जाळीबरोबर गिऱ्हाइकाला एक दहा नंबरचा पाना भेट द्यायचा. लेथवाल्यांना ही कल्पना फार आवडली. "वैनी, नटबोल्ट म्हंजे काम कसं, गच्च!" ते म्हणाले. जाळी स्लॅबवरून सात वेळा टाकली, काच टिकली. सातव्यांदा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुसून दाखवा. त्यांना ते ऐकू गेलं नाही. दसऱ्याला हाच नमुना न्यायचा, असं ठरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. उद्यमनगरात ह्या दिवसाइतका कडक दिवस वर्षात दुसरा नाही. हत्यारं धुऊन पुसून फळीवर मांडायची. हातोडी, पकड, करवत, कानस, पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मशिनांनाही माळा. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावायचा नाही. आमचे हे एरवी देवाचं फार करणारे नाहीत, पण खंडेनवमीला ते खिळासुद्धा उचलत नाहीत.

पूजा आटोपून आम्ही दुपारी घरी आलो. नमुन्याचा कंदील मी मागून घेतला होता. उद्या न्यायचा तर पुसून नेऊ, असं सांगितलं. घरी आल्यावर मी त्यात रॉकेल घातलं, वात मुद्दाम मोठी केली आणि भरदिवसा तो पेटवून ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा आमच्याकडे जाळीतला कंदील जळत होता. तासाभरात काच निम्मी काळी झाली. मी तो विझवला, निवू दिला आणि ह्यांच्यापुढं ठेवला.

"काच पुसायची हाय."

"पुस की."

"उघडून द्या."

"पाना घे आणि..." एवढं म्हणून ते थांबले. पाना उद्यमनगरात झेंडूखाली होता.

"उद्या पूस," ते म्हणाले.

"उद्या? अंधार आजच पडणार हाय."

"एक दिस काळी काच चालती."

"तिकडं जयसिंगपूरला, शिरोळ तालुक्यात आज कुणाचा पाना पूजेत न्हाय? पंपाचा, ट्रॅक्टरचा, सगळ्यांचे असणार."

ते कंदिलाकडे बघत बसले. ज्या माणसानं सकाळी पान्याला कुंकू लावलंय, त्याच्यासमोर दुपारी पान्याविरुद्ध जास्त बोलू नये. मी स्वयंपाकघरात गेले आणि सांडशी घेऊन आले.

"हे हत्यार न्हाय?" त्यांनी संशयानं विचारलं.

"हे भांडं हाय."

आमच्या घरात सांडशीला कुणी कधी कुंकू लावलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा फायदा झाला. मी सांडशीत नट धरून एका बाजूचे दोन्ही काढले, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले केले. ती बाजू आता दारासारखी फिरायला लागली. राहिली मिटायची सोय. रोज ह्यांचं जेवण मी ज्यातून न्यायची, त्या स्टीलच्या डब्याला दोन्हीकडे तारेच्या कड्या होत्या, झाकणावर खटकन बसणाऱ्या. त्यातली एक मी सोडवली आणि बोल्टाच्या रिकाम्या भोकात अडकवली. अंगठ्यानं दाबली की उघडायची, ढकलली की बसायची. निदान तसं व्हायला हवं होतं. पहिल्या वेळी ती बसली नाही, दुसऱ्या वेळी निघाली नाही.

हे अर्धा तास हाताची घडी घालून बघत होते. मग त्यांना राहवलं नाही. "उलटी वाकवलीस. तोंड वर कर. वर! आण हिकडं ती सांडशी."

चहाच्या वेळेपर्यंत कडी बसली. मी एका हातानं जाळी उघडली, काच तिरकी करून काढली, पुसली, परत बसवली, जाळी मिटली. ह्यांनी ते चार वेळा करून बघितलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी टाकून बघू."

दसऱ्याला सकाळी लवकर स्लॅबवर गेलो. कंदील सोडला. खाली आपटला, कडी उघडली, जाळीचं दार उघडलं आणि काचेचा चुरा झाला.

"सांगितलं हुतं की!" लेथवाले म्हणाले. "नटबोल्ट ते नटबोल्ट."

हे चुरा बघत उभे राहिले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचा त्यांना अजिबात आनंद झालेला नव्हता. एसटीला अजून तास होता.

"दादा," मी लेथवाल्यांना विचारलं, "तुमच्या गावाकडं शेत हाय न्हवं?"

"हाय की. दोन एकर."

"तिथं स्लॅब हाय?"

"शेतात कशाला स्लॅब?"

"मग कंदील कुठनं पडतोय?"

ते विचारात पडले. "हातातनं. न्हायतर सायकलवरनं."

मी दुसरी काच बसवली, कंदील कमरेपाशी धरला आणि सोडला. टण्ण आवाज झाला, काच तशीच, कडी तशीच. पुन्हा टाकला. मग सायकलच्या हँडलला अडकवून सायकल आडवी पाडली. काच शाबूत. टाळ्या नाहीत, चहा नाही. बघायला आलेले दोघं "ह्यात काय मजा न्हाय" म्हणून निघून गेले. लेथवाले एवढंच म्हणाले, "टेस्ट म्हंजे टेस्ट असती, वैनी. हे काय?"

ह्यांनी दोन पिशव्या घेतल्या. एकीत गाळ्यात राहिलेला नटाच्या दुसऱ्या जाळीचा कंदील, दुसरीत कडीचा. कुठला दाखवायचा ते एसटीत ठरवू, असं म्हणाले. एसटीत त्यांना झोप लागली. रात्रभर ते जागे होते, त्यामुळे मी उठवलं नाही.

जयसिंगपूरला दुकानाला तोरण, वजनकाट्याला हळदकुंकू. ह्यांनी दोन्ही कंदील गल्ल्याशेजारी ठेवले. व्यापाऱ्यांनी नटाची जाळी हातात घेतली, ठोकून बघितली. "वा! ह्यो दणकट हाय." ह्यांचा चेहरा खुलला. माझा पडला असावा, कारण व्यापाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, "अगं, जरा भाईर ये."

ती हात पुसत आली. मला बघून हसली नाही, ओळख दाखवली नाही, थेट कंदिलाकडे गेली. नटाची जाळी चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि खाली ठेवली. दुसरी उचलली. अंगठा, कडी, दार, काच बाहेर, पदरानं आतून एक हात, काच आत, दार, खट.

"हीच," ती म्हणाली. "चुलीवर आमटी हाय," असं सांगून आत गेली.

व्यापाऱ्यांनी क्षणभर दणकट जाळीकडे बघितलं आणि ती बाजूला सारली. "झालं तर. पाचशे. दिवाळीआधी पायजेत. डोकं चालिवलंसा, मालक."

"करायचं म्हटल्यावर चालवाय लागतंय," हे म्हणाले.

मी बरोबर आणलेल्या जास्तीच्या काचा कागदात बांधत होते. बांधत राहिले.

संध्याकाळी थोरले दीर सोनं द्यायला आले. आपट्याची पानं दिली, पाया पडणं झालं, फराळाची ताटली हातात घेतली आणि त्यांनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

ह्यांनी कडीची जाळी त्यांच्यापुढं ठेवली. दिरांनी ती उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. ती हातात घेतलेला प्रत्येक माणूस तेच करतो.

"ह्याच्यासाठी कंपनी सोडतोस?"

"धरलीया कुठं सोडाय?"

"पाच वर्सांनी कंदील कोण वापरणार हाय रे?"

"ते मला ठावं न्हाय, दादा. दिवाळीपतोर पाचशे द्यायच्यात, एवढं ठावं हाय."

दिरांचा प्रश्न रास्त होता. चार वर्षांतच चार्जिंगचे दिवे आले आणि आमच्या जाळीचं काम थांबलं. पण त्या संध्याकाळी ते कुणाला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी ह्यांनी तेच उत्तर दिलं असतं.

"सात ते तीन पाळी," दीर उठता उठता म्हणाले. "तीनला सुट्टी. कँटीनला जेवण. अजून इचार कर."

"सकाळी सातला कोण जाणार?" हे म्हणाले. "आपल्याच्यानं न्हाय व्हायचं."

पाचशे जाळ्या, म्हणजे पाचशे कड्या आणि हजार अर्ध्या जाळ्या, दिवाळीला वीस दिवस. दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे पाचला उठायला लागले आणि सहाला गाळ्याचं शटर वर करायला लागले. कागलच्या पहिल्या पाळीची कंपनीची बस उद्यमनगरावरून सव्वासहाला जाते. हे मला त्यांनीच सांगितलं. म्हणे, खिडकीपाशी बसलेले सगळे झोपलेले असतात.